तिसऱ्या मजल्यावरचे रोगी

लालपेन्सिल हे त्यांचं नाव गल्लीनं ठेवलेलं. त्यांनी छापखान्यात छत्तीस वर्षं चुका शोधल्या. ते निवृत्त झाले, पेन्सिल काही झाली नाही. स्वतःच्या लग्नाची पत्रिका म्हणे त्यांनी दुरुस्त करूनच नवरीच्या हाती दिली होती, आणि घोरतानासुद्धा ते स्वल्पविराम देतात. खोटं वाटत असेल तर त्यांच्या बायकोला विचारा.

पण त्या आठवड्यात पेन्सिल पडून होती आणि घर गप्प होतं. सून सरकारी दवाखान्यात नर्स. चाळीस रोग्यांमागे एक नर्स, म्हणून सगळ्याजणी दोन दिवस दवाखान्याच्या दाराबाहेर धरणं धरून बसल्या. दुसऱ्याच सकाळी पेपरात ठळक अक्षरांत आलं, की तिसऱ्या मजल्यावरचे रोगी वाऱ्यावर सोडून नर्स मजेत. टीव्हीवरही तेच. सासऱ्यांनी सुनेशी बोलणं टाकलं. संध्याकाळी ती यायची, बूट काढायची, भिंतीला टेकून डोळे मिटायची. कुणी काही विचारायचं नाही.

त्यात इमारतीतल्यांनी अर्ज काढला, की बाहेर बसलेल्या नर्सना कामावरून काढा. एकवीस सह्या झाल्या होत्या. बाविसावी लालपेन्सिलची हवी होती. नर्सच्या सासऱ्यानंच सही केली, की दवाखान्याचे साहेब पुढे काही विचारणार नाहीत!

"सुनेच्या पोटावर पाय देणार?" बायकोनं विचारलं.

"अगं, पाच पेपर एकच सांगतायत. पाचही खोटे आणि ही एकटी खरी?"

बायको भांडली नाही. चाळीस वर्षं भांडून तिलाही कंटाळा आला होता. तिनं पाचही पेपर टेबलावर अंथरले, शेजारी फोनवर एका छोट्या, स्वतंत्र बातमीवाल्याचं पान उघडलं आणि नवऱ्याच्या हातात पेन्सिल दिली.

"अहो, बातमी म्हणून नका वाचू. चुका शोधायला वाचा."

ते कुरकुरत वाचायला बसले. थोड्या वेळानं पेन्सिल एका जागी थांबली. दोन वर्षांपूर्वी हर्नियासाठी ते त्याच दवाखान्यात अकरा दिवस पडून होते. दवाखान्याला मजले दोनच. वर गच्ची आणि पाण्याच्या टाक्या. आणि पाचही पेपरांत तिसरा मजला! म्हणजे बघायला कुणी गेलंच नव्हतं. कुणीतरी एक कागद धाडला आणि सगळ्यांनी तो उतरवून घेतला.

"पाच नव्हतेच गं," ते हळूच म्हणाले. "एकच होता, पाच वेळा छापलेला."

छोटा बातमीवाला मात्र दारापाशी जाऊन नऊ नर्सशी बोलला होता. 'एकाही रोग्याला त्रास झाला नाही,' असं त्यानं लिहिलेलं. लालपेन्सिलची कळी खुलली. बायकोनं पेन्सिलीला बोट लावलं.

"यालाही सोडू नका. हा रोग्यांशी बोललाय का?"

शोधलं. एकाशीही नाही.

संध्याकाळी सून आली तेव्हा सासऱ्यांनी उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलले, "तू तिथे होतीस. तू सांग."

तिनं बूट काढले आणि खुर्चीत बसली.

"आम्ही आळीपाळीनं आत जात होतो, बाबा. तरी एका आजोबांची मलमपट्टी तीन तास रखडली. कण्हत होते ते. एकांनी आम्हाला राक्षसिणी केलं, दुसऱ्यानं देवी. आम्ही नुसत्या दमलेल्या बायका आहोत."

लालपेन्सिलनी अर्ज घेतला आणि सहीच्या जागी लाल अक्षरांत लिहिलं, 'तुमच्यापैकी आत जाऊन कोण बघून आलं?' अर्ज परत गेला. तिघांनी आपली सही खोडली. बाकीचे अजून जिन्यात भेटले की मान फिरवतात.

तेव्हा बाबांनो, पेपर मोठा म्हणून डोळे मिटू नका आणि छोटा म्हणून त्याच्या गळ्यात पडू नका. दोघांना शेजारी ठेवा आणि विचारा, कोण जाऊन आलं, कुणाशी बोललं, कुणाला गाळलं? दमायला होतं, खरंय. पण न विचारता सही केली की दुसऱ्याचं घर दमतं.

आणि ते तिसऱ्या मजल्यावरचे रोगी? ते म्हणे अजून टाक्यांशेजारी नर्सची वाट बघतायत.