शेवटची टोपली

वांगं दाबून, हुंगून, देठ निरखून घेतल्याशिवाय तात्यांना भाजी आणल्यासारखं वाटायचंच नाही. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. बारीकसा डागही नजरेतून सुटत नसे. तेच तात्या बायकोच्या हट्टापायी सेंद्रिय शेताचे सभासद झाले. तिथे निवडानिवड नाही. पिकेल ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं, आणि टोपल्या भरायची पाळी दर आठवड्याला एकेका सभासदाची.

पहिल्याच आठवड्यात तात्यांची पाळी आली तेव्हा त्यांना हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला होता. एका टोपलीत त्यांनी चकचकीत वांगी, कोवळ्या काकड्या, लालबुंद टोमॅटो रचले आणि ती हळूच कोपऱ्यात सरकवली. किडकं, वाकडं, फुटकं बाकीच्यांत ढकललं.

सभासद जमले. तात्या आपली टोपली उचलणार, तोच शेतवाल्या बाई म्हणाल्या, "थांबा हो तात्या. भरणाऱ्याने शेवटी घ्यायची, इथली रीतच आहे."

कोपऱ्यातली टोपली शेजारच्या नर्सबाईंनी नेली. "किती मनापासून भरलीये!" त्या म्हणाल्या. तात्या कसनुसं हसले. सगळ्यांनी नेऊन जी उरली, ती त्यांच्या वाट्याला आली.

घरी बायकोने टोपली ओट्यावर रिकामी केली. आज पाळी कोणाची होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

"अहो, कोणी भरली ही? मेल्याने स्वतःची नक्की वेगळी काढून ठेवली असणार!"

"असेल," तात्या म्हणाले, आणि सुरी घेऊन किडकं वांगं चिरायला बसले.