पोटात चाँद, अंगावर मोर

मी शिशी बोलतेय. बोटभर उंचीची, जाड काचेची. बूच जरा सैल आहे, म्हणून तोंडही सैल आहे. माझं शिक्षण म्हणाल तर अंगावरच्या चिठ्ठीएवढं. तिच्यावर एक मोर आणि खाली ‘असली ऊद’ असे दोन शब्द. मला तेवढेच वाचता येतात, आणि मोर तर खोटाच निघाला.

ऊद म्हणजे अगराच्या लाकडाचं अत्तर. आसामकडं ते झाड आजारी पडलं की त्याच्या पोटात काळं लाकूड धरतं. ते भिजवायचं, उकळायचं, अन् वाफेतून थेंबथेंब तेल धरायचं. झाडाचं दुखणं माणसं कानात घालून मिरवतात. मला जन्मापासून हसायची सवय लागली ती इथूनच.

देश स्वतंत्र झाला त्या दिवाळीत फिरता अत्तरवाला मुन्नालाल मला घेऊन आमगावला उतरला. तिथं मला भोजराजनं घेतलं. धानाची शेती, मिशीला पीळ, आणि नाकाचा गर्व. त्याच्या लाकडी पेटीत माझ्या अकरा बहिणी आधीच बसलेल्या. सगळ्या मोरछाप. दुसरी छाप त्या पेटीत आली असती तर त्यानं पेटीच जाळली असती.

त्याचा जिवलग दोस्त फुलचूरचा शालीकराम. तोही ऊदवेडा, पण त्याच्याकडं सगळ्या चाँदछाप. गाडीनं एकमेकांकडं जायचे. कानात कापसाचा फाया अन् तोंडात भांडण.

“काऊन गा, तुह्या चाँदाले वास तरी येते का?”

“तुह्या मोराले येते ना. पिसं जळल्यावानी.”

अन् मग दोघं एकाच ताटात जेवायचे. एका संक्रांतीला शालीकरामनं चाँदछापची भरली शिशी भोजराजच्या हातात कोंबली. “हुंगू नोको, पन घरात ठेव. माही आठवन म्हून.” भोजराजनं ती न उघडता कोनाड्यात कंदिलामागं सारली.

पुढं एकदा भोजराज चार दिवस नागझिऱ्याकडं सोयऱ्यांकडं गेला होता. त्याची बायको सुशिलाबाई पेटी पुसत होती. तिचा हात लागला, माझं बूच उडालं आणि माझा सगळा मोर सारवलेल्या भुईत जिरला. बाई घाबरली. मग इकडंतिकडं पाहून तिनं कोनाड्यातली शालीकरामची शिशी काढली अन् माझ्या पोटात रिती केली. रिकामी शिशी गेली बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात.

भोजराज परत आला. मला उघडलं, डोळे मिटले.

“मुरला बाप्पा. पाह्य सुशिला, मोर जेवढा जुना तेवढा खोल.”

सुशिलाबाई तोंडाला पदर लावून आत पळाली. मी इतकी हसले की बूच खडखडलं. दोन वर्षं हसत होते. बारा जणींतून आता तो मलाच खिशात घेऊन फिरायचा.

मग शालीकरामच्या पोरीचं लगन आलं. मांडवात पाहुण्यांच्या मनगटाला शालीकराम स्वतः चाँद लावत होता. भोजराजपुढं आला तर यानं हात मागं घेतला, खिशातून मला काढलं अन् वरातीकडं वळला.

“हात पुढं करा पाहुणे. असली ऊद हे होय. ते बोडीतलं पानी होय.”

नवरदेवाच्या मामानं दोन्ही मनगटं हुंगली. “दोन्ही तर एकच होय ना जी,” तो म्हणाला. त्याचं कोणी ऐकलं नाही. साधा माणूस, त्याला छापा कुठं कळतात.

शालीकरामची मान खाली गेली. “भोजराज, घरी हसलो असतो गा. व्याह्यांपुढं नाही.”

त्या दिवसापासून सहा वर्षं बोलणं बंद. मी खिशातून ओरडत होते, अरे हे त्यानंच दिलेलं तेल आहे. पण काचेचं ओरडणं वासानंच ऐकू येतं, आणि वास घ्यायला नाक चिठ्ठीवरून उठावं लागतं. सुशिलाबाई कितीदा दारापर्यंत आली, ओठ हलले, परत गेली. नवऱ्याच्या नाकाची लाज तिच्या जिभेवर बसली होती.

त्या सहा वर्षांत मी पेटीत बसल्याबसल्या मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेले, मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आले. सरकारंसुद्धा चिठ्ठ्याच बदलतात. तेल तेच.

महाराष्ट्र झाला त्याच साली निरोप आला. शालीकरामला लकवा मारला, वाचा गेली. भोजराज ओसरीत नुसता बसून राहिला. सुशिलाबाईनं पेटी उघडली, बारा जणींतून मलाच उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

“जा. अन् हे शिशी घेऊन जा.”

“तो मोर हुंगते का?”

“हुंगते. जा तुमी.”

फुलचूरला शालीकराम खाटेवर. माझ्यात थेंबभर उरलं होतं. भोजराजनं ते फायावर घेतलं. “आता तरी मोर घे गा, लेका,” असं म्हणत त्यानं फाया दोस्ताच्या कानात ठेवला.

शालीकरामनं श्वास ओढला. एकदा. मग पुन्हा. त्यानं माझ्याकडं पाहिलं, चिठ्ठीकडं नाही, माझ्याकडं. अर्धं तोंड मेलेलं, उरलेलं अर्धं हसलं. डोळ्यांतून पाणी आलं. ओळखलं त्यानं. सांगणार कसं? त्याला वाचा नाही, मला जीभ नाही.

“पाहा, आवडला शेवटी मोर,” भोजराज रडत सगळ्यांना सांगत होता.

तिसऱ्या दिवशी शालीकराम गेला.

आता मी कोरडी आहे. परवा सुनेनं मला धुवायला घेतलं, तर भोजराजनं हातातून हिसकावून घेतलं. “धुवू नोको वो. मोराचा वास हाय त्याच्यात.” रोज सकाळी बूच काढतो, हुंगतो, आणि शालीकरामशी भांडतो. आता मला हसू येत नाही.

तुम्ही चहाड्या करणारी माणसं, म्हणून हात जोडते. मला हात नाहीत, तरी जोडते. त्याला सांगू नका. मोर म्हणून का होईना, तो रोज दोस्ताला हुंगतो आहे. फक्त मला कोणी धुवू नका.