चाळीस मिनिटांचा पंप

अनिलकुमारने दुधाच्या कूलरमधला गॅस रिकाम्या सिलिंडरात ओढून घेतला, नळ्यांना पंप जोडला आणि बटण दाबलं. चिंताकी गावचं ते एका खोलीचं दूधकेंद्र घरघरायला लागलं.

"आता चाळीस मिनिटं थांबायचं, अक्का. नळ्यातली हवा, ओल समदी खेचून निघाली की मंग नवा गॅस."

"मागल्या बारीला हे लावला न्हवतास की," केंद्र चालवणाऱ्या रेणुकाबाई म्हणाल्या.

अनिलकुमार पंपाच्या काट्याकडे बघत राहिला.

मागल्या बारीला पंप त्याच्या औरादच्या दुकानात राहिला होता. संध्याकाळी बिदरला मेहुणीची हळद, बायकोचे चार फोन येऊन गेलेले. पंप आणायला परत कोण जाणार? मग थोडा गॅस सोडून त्याच्याच जोरावर हवा बाहेर ढकलली आणि वर गॅस भरून दिला. तालुक्यातले निम्मे मेकॅनिक असंच करतात, आणि दहांत नऊदा ते खपूनही जातं.

दहावी खेप चिंताकीच्या वाट्याला आली. नळीत राहिलेली ओल गॅसच्या अरुंद वाटेत गोठली, थंडावा थांबला आणि रातोरात तीनशे लिटर दूध नासलं. पहाटेपर्यंत तो बर्फ आपोआप वितळला होता. माणसं आली तेव्हा कूलरचा तापमानाचा काटा चार अंशांवर. चोराने जाताना कडी लावून जावी, तसला प्रकार.

रेणुकाबाईंनी तेव्हा फोन केला होता. हळदीच्या गडबडीतून आलेल्या थकव्यात तो म्हणाला होता, "काटा चारवर हाय न्हवं? मंग मशीन चोख हाय. दुधातच काही असंल."

त्या संध्याकाळी कूलरमध्ये शेवटचं दूध चंद्रम्माचं पडलं होतं. दोन म्हशींवर जगणारी एकटी बाई. सकाळचं शिळं दूध तिनं मिसळलं, असं ठरलं. तिनं मैलारच्या खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली, तरी केंद्रावर तिचं माप बंद झालं. हे सगळं अनिलकुमारला औरादच्या बाजारात कळलं होतं, आणि कळूनही तो गप्प बसला होता. आज रेणुकाबाईंच्या डोळ्यांदेखत मशीन पुन्हा तसंच थांबलं, तेव्हा कुठे त्याचं इथे येणं झालं.

पंपाचा काटा तळाला गेला. पंप बंद करून त्याने वाट पाहिली. काटा हलला नाही. वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून त्याने तोलून गॅस भरला. काम कसं देखणं झालं होतं, आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

"अक्का, ते दूध मशीननंच नासलं. पंप लावला न्हाई, चूक माझी हाय. चंद्रम्माअक्काला बोलवा. समद्यांसमोर सांगतो."

रेणुकाबाईंनी हातातलं माप खाली ठेवलं.

"कुणाला बोलवू? म्हशी इकून परवाच गुलबर्ग्याला गेली, ल्येकीकडं."

"माझ्यावर लई चिडली असंल."

"चिडती कशाला? जाताना म्हणली, शिकलेला माणूस सांगायलाय तर त्याचंच खरं. माझीच कासंडी नीट धुतली न्हाई वाटतं."

अनिलकुमारने चंद्रम्माचा नंबर मागून घेतला आणि तिथेच लावला. पहिल्याच घंटेला पलीकडून "कोण बोलायलंय?" असं आलं, आणि त्याला आपलं नाव सांगवेना.