पहिलं पत्र पोचेपर्यंत

तीस मिनिटं भरपूर झाली, असं मीच ठणकावून सांगितलं होतं. आमचा गेम एका पोस्टवालीचा. होडी वल्हवायची, बेटाबेटांवर पत्रं पोचवायची. फुकट डाउनलोड होणारा डेमो तीस मिनिटांनी आपोआप बंद. मी आणि माझा भागीदार, त्याला सगळे चष्मा म्हणतात, आम्ही घड्याळ लावून खेळून पाहिलं होतं. पहिलं पत्र बारा मिनिटांत पोचलं. अहो, पोचणारच. तिथला दगडन्‌दगड आम्हीच ठेवलेला.

सोमवारी डेमो लोकांपुढे जायचा होता. रविवारी सकाळी मी बाबांना खुर्चीत बसवलं. बाबा शिंपी. हात थरथरायला लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. पोरगी दिवसभर पडद्यासमोर काय करते हे त्यांना कधी उमगलं नाही, आणि मला ते एकदा तरी त्यांना दाखवायचंच होतं.

बाबांनी एकेक पाटी वाचली. होडी दोनदा खडकावर घातली. वाटेतल्या शेळीपाशी थांबून राहिले. मी मागे उभी राहून चरफडत होते, चला ना बाबा, शेळीचं काय घेऊन बसलात. शेवटी एकदाचे, ज्याच्या नावाचं पहिलं पत्र होतं त्या म्हाताऱ्याच्या दारात पोचले, पत्र पुढे केलं आणि पडदा काळा झाला. वेळ संपली, पूर्ण गेम विकत घ्या.

बाबांनी दोन्ही हात झटकन मांडीवर घेतले.

"माझ्याकडून काही मोडलं का गं?"

नाही म्हटलं, वेळच तेवढी असते. छान आहे हो, म्हणाले आणि उठले. हे 'छान आहे' मला चांगलं ठाऊक होतं. शिलाई न पटलेलं गिऱ्हाईक असंच म्हणायचं आणि परत यायचं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कच्चा टाका घातलेला कोट गिऱ्हाइकाला चढवला की बाबा त्याला हात वर करायला लावत, खाली बसवत, बुटाची नाडी बांधायला लावत. कुणी घाई केली तर म्हणत, अंगाला कळू दे. मी शाळेचा अभ्यास त्याच दुकानात करायचे, हजारदा ऐकलेलं. आणि मी माप घेतलं कुणाचं? माझं आणि चष्म्याचं.

चष्म्याला फोन लावला. घड्याळ काढून टाक, पहिलं पत्र पोचलं की डेमो संपला, मग लागो कितीही वेळ. तो वैतागला. लोक फुकटात त्या बेटावरच तळ ठोकतील, विकत कोण घेणार? मुद्दा खोटा नव्हता. ठोकू देत, म्हटलं. कुरकुरत का होईना, दुपारपर्यंत त्याने बदलून दिलं.

बाबा परत बसायला तयार नव्हते. झालं की बघून, म्हणाले.

"बाबा, ट्रायल चुकली," मी म्हणाले. "चूक शिंप्याची आहे, गिऱ्हाइकाची नाही."

तेव्हा कुठे बसले. पन्नास मिनिटं. शेळीपाशी पुन्हा थांबले, तर मी स्टूल ओढून शेजारी बसले. म्हाताऱ्याने दार उघडलं, पत्र घेतलं, उभ्या उभ्याच वाचलं. मग पडद्यावर आलं, डेमो इथे संपला.

बाबांनी हात कीबोर्डवरून काढले नाहीत. थरथरतच होते.

"पिशवीत अजून पत्रं आहेत की," ते म्हणाले. "ती कोण पोचवणार?"