मासे तळायला नाही म्हटलं म्हणून

बॉबी झिलिन्स्कीनं फॉर्मवर खरं उत्तर दिलं, तिथंच ती फसली.

बावीस वर्षं खोकी बनवल्यावर कारखान्यानं तिला एका सकाळी चाळीस जणांबरोबर घरी पाठवलं. राज्याचा बेकारी भत्ता सुरू झाला. हा भत्ता हक्काचा, पण देतात अशा तोऱ्यात, की जणू स्वतःच्या खिशातून काढून देतायत. दर रविवारी संगणकासमोर बसून तेच प्रश्न. काम शोधलंत का? एखादं काम नाकारलंत का? हो किंवा नाही. बाजूला दोन शब्द लिहायला जागा नाही.

त्या आठवड्यात दीर लेनर्डनं तिला चर्चच्या तळघरातल्या शुक्रवारच्या जेवणावळीसाठी मासे तळायला बोलावलं होतं. शुक्रवारी नोकरीचे अर्ज घेऊन फिरायचं म्हणून ती नाही म्हणाली होती. काम ते काम, असं मनाशी म्हणत बॉबीनं प्रामाणिकपणे 'हो' दाबलं. आणि भत्ता बंद! तिनं अपील केलं. ते हरलं तर घर विकायचं आणि फिनिक्सला लेकीच्या सोफ्यावर झोपायचं.

सुनावणी फोनवर होती, सकाळी दहाला. समोर शेजारीण डेल्फीन, कारखान्यातली जुनी युनियनवाली, बाह्या सरसावून बसलेली.

"विचारतील तेवढंच बोल. पाल्हाळ लावलंस तर टेबलाखालून लाथ घालीन."

"आणि मासे तळायचं विचारलं तर गं?"

"विचारू दे. साक्षीदार तयार आहे."

"कोण?"

फोन वाजला. न्यायाधीशबाईंचा आवाज कोरडा ठाक. शपथ झाली, आणि लगेच, "साक्षीदार लेनर्ड झिलिन्स्की, लाइनवर आहात?"

"आहे!" लेनर्ड गरजला. बॉबीनं डोक्याला हात लावला. चार आठवडे तो तिच्याशी बोलत नव्हता.

"तुम्ही यांना काम देऊ केलंत?"

"केलं की! अकरा वर्षं तळतायत आमच्या वहिनीबाई. आणि यंदा म्हणे वेळ नाही! तीनशे माणसं जेवायला, आणि कढईपाशी मी एकटा!"

"पगार किती देणार होतात?"

"पगार?" लेनर्डचा आवाज चिरकला. "बाई, चर्चचं काम आहे हे! पगार मागायला लाज नाही वाटणार कुणाला? दोन ताटं मासे देतो आम्ही, कोबीच्या कोशिंबिरीसकट!"

"म्हणजे वेतन नाही."

"छदामसुद्धा नाही! मला तरी कोण देतं?"

डेल्फीननं तोंडात रुमाल कोंबला. तिचे खांदे गदगदत होते.

"श्रीमती झिलिन्स्की, पगाराचं एखादं काम नाकारलंत?"

"नाही, बाई. एकही नाही." डेल्फीनची लाथ यायच्या आत ती गप्प झाली.

"निकाल टपालानं येईल."

फोन ठेवताक्षणी दोघी किंचाळल्या. "त्याला सांगितलंस काय तू?" बॉबीनं विचारलं.

"एवढंच, की बॉबीनं तुला दगा दिला ते सरकारला सांगायची संधी आहे. उडी मारून तयार झाला!"

नऊ दिवसांनी बॉबीनं फाटकातच पाकीट फाडलं. विनावेतन सेवा म्हणजे नोकरी नव्हे, जुना आदेश रद्द, थांबवलेल्या सगळ्या आठवड्यांचा भत्ता द्यावा. ज्या कारकुनानं एक फोन करून हे आधीच विचारायला हवं होतं, त्याचं पत्रात नावही नव्हतं.

"डेल्फीन!" तिनं रस्त्यावरूनच आरोळी ठोकली. "अगं ए डेल्फीन! घर राहिलं!"