मानाचा फेटा

जळकोटच्या माळावर दगडाची एक बंद पडलेली खदान आहे. तिच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर लोखंडी तार ताणून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, वीरभद्रमामांनी, साहसी खेळांचा पार्क काढला. तारेवर कप्पी, कप्पीला पट्टे, पट्ट्यांत माणूस. अलीकडून ढकललं की पलीकडं. झिपलाईन म्हणतात तिला. माझ्या लग्नाला महिना राहिला होता आणि उद्घाटनाचं बोलावणं आलं. मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळीच भोकरहून निघालो.

सगळा कारभार मामांच्या पुतण्याकडं, भुजंगकडं होता. दोन महिने गोव्याच्या एका हॉटेलात काम करून परतलेला. गोव्याहून आलेला माणूस दारू तरी धरतो नाही तर सोडतो. यानं टी-शर्ट धरला. छातीवर ‘चीफ इन्स्ट्रक्टर’ असं लातूरहून छापून घेतलेलं.

"भुजंगदादा, हे शिकलात कुठं?" मी विचारलं.

"यूट्यूबवर सगळं हाय की, वहिनी."

"आणि तपासलं कसं?"

"सिमेंटचं पोतं सोडलं की. मस्त गेलं."

पोतं तक्रार करत नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण लग्नाआधीच सासरी तोंड उघडू नये, असं आईनं निघताना दहादा बजावलं होतं, म्हणून गिळलं.

नारळ फुटला, फीत कापली. मामांनी माईक घेतला. "पयला मान आमच्या इवायाचा!" टाळ्या पडल्या. व्याही म्हणून अण्णांना टोपी-टॉवेल दिला, शाल घातली आणि डोक्याला केशरी फेटा करकचून बांधला. पाठीवर सोडलेला लांबलचक शेमला फोटोवाल्यानं पुढं ओढला आणि अण्णांच्या गळ्याभोवती त्याचा एक वेढा दिला. फोटोत भारी दिसतं म्हणे.

मला वाटलं, झाला मान. पण मामांनी तारेकडं हात केला. पहिला झोका व्याह्यांचा.

अण्णा घराच्या पत्र्यावरसुद्धा चढत नाहीत. विहिरीत डोकावतानाही काहीतरी धरून उभे राहतात. त्यांचा चेहरा उतरला. पण मुलीचा बाप, लग्न तोंडावर, समोर मांडवभर माणसं. नाही म्हणायला जीभ कुठून आणणार?

"हाव, बसतो की," अण्णा म्हणाले आणि हसले. ते हसणं मला बघवलं नाही.

भुजंगनं हेल्मेट आणलं. ते फेट्यावर बसेना. त्यानं दाबून पाहिलं, तिरकं करून पाहिलं.

"फेटा काढा ना मग," मी म्हणाले.

"मानाचा फेटा हाय, पोरी," मामा म्हणाले. "बांधला की लगेच उतरवतेत व्हय?"

"मग हेल्मेट न घालता पाठवणार?"

"लई टेन्शन घेऊन राहिल्या, वहिनी," भुजंग हसला. "अर्ध्या मिनिटाचा तर खेळ हाय." आणि हेल्मेट खुर्चीवर ठेवून दिलं.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी डोक्यापेक्षा फेट्याची किंमत जास्त झाली. मी शिवमकडं पाहिलं. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो हा शिवम. तो मोबाईलवर शूटिंग करत होता. "होऊ दे ना," तो हळूच म्हणाला, "सगळे बघतायत."

मी अण्णांच्या वाटेत उभी राहिले. "अण्णा, नका जाऊ."

"ऋतू, गप." एवढ्या तिखट आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते.

भुजंगनं पट्टे आवळले आणि ढकललं.

कप्पी किरकिरत निघाली. अण्णांनी डोळे मिटून दोन्ही हातांनी पट्टा धरला होता. खदानीवर गेल्यावर वारा लागला. शेमल्याचं टोक फडफडत वर उडालं, कप्पी आणि तारेच्या मध्ये सापडलं, आणि कप्पी जागीच अडकली. अण्णा ऐन मधोमध, खाली तीन मजले खोल नुसता दगड. शेमला कप्पीत गच्च, फेटा डोक्यावर गच्च आणि मधला वेढा गळ्यावर आवळलेला. त्यांची मान वर ताणली गेली.

लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी म्हणालं, "पोज देऊन राहिले पाव्हणे."

"गळा आवळलाय त्यांचा!" मी किंचाळले. "भुजंगदादा, दुसरी कप्पी लावा, जा लवकर!"

भुजंग हलला नाही.

"शिकवणारे तुमीच ना? जा की!"

"वहिनी..." तो पुटपुटला. "मी कदी बसलोच न्हाई. मला वरून लई भ्या वाटतं."

त्याच्या कानाखाली जाळ काढावा असा संताप आला. पण अण्णांवरची नजर काढायची हिंमत होत नव्हती. त्यांचे पाय हवेत झाडले जात होते.

"अण्णा, फेटा काढा! डोक्यावरून काढा!"

त्यांनी ऐकलं. पट्ट्यावरचा एक हात सुटला, वर गेला, फेट्याला लागला आणि तिथंच थांबला. त्यांनी डोळे मांडवाकडं वळवले. मामांकडं. ती नजर मी ओळखते. सोयरीक जुळल्यापासून मामांनी बसा म्हटल्याशिवाय अण्णा त्यांच्या घरी बसले नव्हते. आता जीव जात होता, आणि माझा बाप व्याह्याची परवानगी मागत होता.

मामांच्या हातात अजून माईक होता. "हलू नका, इवाई," ते माईकमध्ये म्हणाले. "धीर धरा."

अण्णांनी फेट्यावरचा हात खाली घेतला.

मी धावले आणि मामांच्या हातातून माईक हिसकावला.

"अण्णा! लगीन मोडलं! मी मोडलं! ही माणसं आता तुमची कुणी लागत न्हाईत. फेका तो फेटा!"

माझाच आवाज समोरच्या दगडावर आपटून परत आला. अण्णांनी दोन्ही हात सोडले. फेट्यात बोटं खुपसली, ओढला, परत ओढला. तो डोक्यावरून सुटला आणि गळ्याचा वेढा सैल पडला. केशरी कापड तारेला लोंबकळत राहिलं. खाली पट्ट्यांत बसल्या बसल्या अण्णा खोकले. कुणाच्या खोकण्यानं मला एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

रस्त्याच्या कामावरची क्रेन आणून त्यांना काढलं. तोवर मी काठावरून त्यांच्याशी बोलत राहिले. काय बोलले, काही आठवत नाही.

जमिनीवर टेकले तेव्हा त्यांच्या गळ्यावर लाल वळ उठला होता. शिवम पाण्याची बाटली घेऊन आला. मी ती त्याच्या हातून घेतली, अण्णांना दिली, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. मागून मामा आले.

"रागाच्या भरात बोललं लेकरू," ते म्हणाले. "आमी मनावर घेत न्हाई. चला इवाई, पंगत बसवायची हाय."

सगळे अण्णांकडं बघायला लागले. आता ते हात जोडतील आणि पोरीला माफ करा म्हणतील, असं मला वाटलं. अण्णा तारेवर लटकले होते तेव्हा नव्हती वाटली एवढी भीती मला त्या क्षणी वाटली.

अण्णांनी दोन घोट पाणी पिलं. गिळताना त्यांना दुखलं.

"रागात न्हाई बोलली ती," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी वरून नीट ऐकलंय."

त्यांनी खांद्यावरची शाल काढली, घडी करून मामांच्या हातात दिली आणि माझं मनगट धरून गाडीकडं चालायला लागले. मी लहान मुलीसारखी मोठ्यानं रडत होते, आणि त्यांनी मला गप म्हटलं नाही.