सव्वीस गाठी, पंचवीस जागा

मी एक जुनी दोरी आहे, मित्रांनो. मी ज्याच्या हातात असे त्याला काय काय मिळे, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे जी माणसे भांडतील ती वेडी होती असा तुमचा समज व्हायचा नाही. पहिले म्हणजे जुन्या बाजारातली पहिली जागा, फाटकातून आत शिरताच नळाजवळची, जिथे गिऱ्हाईक पहिल्यांदा थबकते. दुसरे म्हणजे दर रविवारी सकाळी ‘पसरा!’ अशी हाक देण्याचा मान. ती हाक येईपर्यंत कोणी चादर अंथरायची नाही, असा शिरस्ता होता. आणि तिसरे म्हणजे कोण आपल्या शेजारी बसणार, हे ठरवणे. या तिसऱ्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नसे, पण सर्वांत गोड तेच होते.

आता माझ्याविषयी. मी घायपाताची. दोरवाल्याच्या अंगणात पीळ खाऊन तयार झाले आणि एक कपाट हातगाडीवर बांधण्यासाठी विकत घेतली गेले. कपाट या बाजारात आले आणि खपले. मी जमिनीवर पडून राहिले. तेव्हा मला अण्णांनी उचलले. अण्णा जुनी घड्याळे विकत, आणि घड्याळवाल्याला शोभेल अशी त्यांना नेमकेपणाची खोड होती. त्या काळी चादरीवरून रोज तंटे होत. ज्याची चादर मोठी त्याची जागा मोठी. अण्णांनी घरची एक चादर आणली, तिच्या रुंदीएवढ्या अंतराने माझ्या अंगावर सव्वीस गाठी मारल्या आणि मला नळापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत ताणले. सव्वीस गाठींमध्ये पंचवीस जागा झाल्या. कोणाला तसूभर जास्त नाही, कोणाला कमी नाही.

त्यानंतरची वीस वर्षे माझ्या सुखाची. माणसे एकमेकांना नावाने नव्हे, आकड्याने ओळखू लागली. “आठवी कुठे गेली?” म्हटले की चष्मेवाले काका हात वर करत. दुसऱ्यांच्या नाकावरून उतरलेले चष्मे ते विकत आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला “तुम्हालाच शोभतोय” असे सांगत. बरोबर मधली, तेरावी जागा किल्लीवाल्या मावशींची होती.

मावशींचा धंदा समजून घ्या, कारण सगळा हिशेब शेवटी तिथेच येतो. त्यांच्याकडे कुलपे नव्हती, नुसत्या किल्ल्या होत्या, अनाथ झालेल्या. ज्याची किल्ली हरवली तो आपले कुलूप घेऊन येई. मावशी एका रविवारी पंचवीस-तीस किल्ल्या लावून बघत, न लागलेल्या वेगळ्या काढत आणि म्हणत, “पुढच्या रविवारी या. इथंच असते मी.” हे ‘इथंच’ म्हणजे त्यांचे सगळे दुकान होते. चादर दोन हात सरकली असती तरी चालले नसते, कारण येणारा माणूस जागेवर येई. एक नर्सबाई तर अकरा रविवार येत होती. तिच्या काखेत आईची पितळी कुलपाची छोटी पेटी असे. पेटी फोडायची नव्हती.

“मावशी, आज लागेल का?”

“लागेल गं. किल्ल्या संपत आल्या, म्हणजे आता जवळच आहे.”

मग अण्णांचे गुडघे गेले.

दोन माणसांनी माझ्याकडे पाहिले. एक बापू. बापू म्हणजे अण्णांचे जावई, जुने रेडिओ आणि पंखे विकणारे. दुसऱ्या बूटवाल्या वहिनी. अण्णांचे गुडघे दुखू लागल्यापासून दोन वर्षे माझे दुसरे टोक भिंतीपर्यंत त्याच नेत होत्या. बापूंचा हक्क नात्याचा, वहिनींचा हक्क चालण्याचा. दोघांच्याही बाजूने बोलणारी बारा-बारा माणसे निघाली. मावशी कोणाच्याच बाजूने बोलल्या नाहीत. त्या किल्ल्या पुसत होत्या.

“बापू, तुमचे रेडिओ बोलत नाहीत, म्हणून तुम्हाला इतकं बोलावं लागतं,” वहिनी म्हणाल्या.

“आणि वहिनी, निम्मे बूट तुमच्याकडे एकाच पायाचे. तुम्ही बाजार चालवणार? लंगडत चालेल.”

सगळे हसले. हसताना दोन्ही बाजूंनी मला घट्ट धरून ठेवले होते.

अण्णांना विचारायला दोघेही गेले, वेगवेगळे. अण्णांनी दोघांना एकच उत्तर दिले, “दोरी बाजाराची आहे. माझी असती तर दिली असती.” दोघेही परत येऊन सांगू लागले की अण्णा आपल्या बाजूने आहेत.

पाच रविवार असे गेले. ‘पसरा!’ ही हाक दोन तोंडांतून येई, म्हणून कोणी पसरत नसे. उन्हे चढत आणि गिऱ्हाइके उभ्याउभ्या परत जात. शेवटी आठव्या जागेचे काका पुढे झाले. भांडण मिटवण्याची त्यांना आवड होती, आणि आपण न्यायी आहोत याचीही.

“दोरी निम्मी करा,” ते म्हणाले. “नळाकडून वहिनी मोजतील, भिंतीकडून बापू. दोन हाका, दोन बाजू. बरोब्बर मधोमध कापा, कोणाला बोलायला जागा नको.”

हा इतका सोपा न्याय होता की सगळ्यांना एकदम पटला. काकांनी मला दुमडले, टोकाला टोक लावले आणि मध्य काढला. तो तेराव्या आणि चौदाव्या गाठीच्या मधोमध आला. आता कापायचे कशाने? काका वळले. “मावशी, किल्ल्यांच्या गंजलेल्या कड्या कापायची तुमची ती छोटी करवत द्या की.”

मावशींनी लगेच दिली. मला आठवते, त्यांना बरे वाटले होते. “संपवा एकदाचं,” त्या म्हणाल्या. “माझी नर्सबाई दोनदा परत गेली.”

मला दुखले की नाही, ते विचारू नका. दोरीला ते कळत नाही. मला एवढेच कळले की तेव्हापासून मी तेरा गाठींची आहे आणि पुढे अर्ध्या चादरीचे शेपूट आहे. ही हकिकत सांगणारी मी म्हणजे वहिनींच्या बाजूचा तुकडा. दुसऱ्या तुकड्याचे काय चालले आहे मला ठाऊक नाही. आमचे बोलणे होत नाही.

पुढच्या रविवारी वहिनींनी नळापासून बारा जागा मोजल्या, बापूंनी भिंतीपासून बारा. मध्ये एक जागा उरली. मावशी आपली चादर घेऊन तिथे उभ्या होत्या.

“मावशी, ही आमच्यात येत नाही हो,” वहिनी म्हणाल्या. “अर्धीच येते.”

“आमच्यातही अर्धीच,” बापू म्हणाले.

“मग दोन अर्ध्यांची एक होते ना रे?” मावशींनी विचारले.

होते, हे दोघांनाही कळत होते. पण मावशी ज्या बाजूला धरल्या जातील तिच्या जागा तेरा होतील, आणि दुसरीच्या बारा. वहिनींना बापूंच्या तेरा नको होत्या, बापूंना वहिनींच्या. नवी दोरी आणा, असे कोणीतरी मागून पुटपुटले. ती कोणाच्या हातात द्यायची, असे काकांनी विचारले आणि तो विषय संपला. मधली जागा हद्द म्हणून मोकळी ठेवायची, असे ठरले. काका मावशींना म्हणाले, “तुमचं कोणाशी भांडण नाही, तुम्हाला कुठंही बसता येईल.” ते खरेच असे समजत होते.

मावशी रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसू लागल्या. मध्ये टेम्पो उभे असत, इकडून त्या दिसत नसत. नर्सबाई पेटी घेऊन आली, रिकाम्या जागेत उभी राहिली. तिने उजवीकडे विचारले, डावीकडे विचारले. “आमच्यात नाहीत त्या,” दोन्हीकडून उत्तर आले. कोणी खोटे बोलले नाही. थोडा वेळ ती पेटी धरून तिथेच थांबली, मग गेली.

दोन महिन्यांनी अण्णा काठी टेकत आले. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. नळाजवळ वाकून त्यांनी मला हातात घेतले आणि बोटांनी गाठी मोजत पुढे सरकले. तेरावर त्यांचे बोट थांबले.

“पुढची?”

“बापूंकडे,” वहिनी म्हणाल्या.

“आणि मावशी?”

वहिनी एका बुटाची नाडी ओवू लागल्या. अण्णांनी मला जपून खाली ठेवले, जशी त्यांनी वीस वर्षे ठेवली होती. दुसऱ्या तुकड्याकडे ते गेलेच नाहीत.

त्याच दिवशी दुपारी मावशी रस्ता ओलांडून आल्या. हातात किल्ल्यांचा एक जुडगा होता.

“वहिनी, एवढं ठेव. लावून झालेल्या मी वेगळ्या काढल्यात, या उरलेल्या. नर्सबाई आली तर तिला एकेक लावून बघायला सांग. यातली एक लागणार.”

“आणि तुम्ही?”

“रस्ता ओलांडून कुलूप घेऊन कोण येतं गं?” मावशी म्हणाल्या. “मी आता यायची नाही.”

वहिनींनी जुडगा माझ्या कापलेल्या टोकाला बांधला. अजून तिथेच आहे. मला ताणले की तो हद्दीच्या रिकाम्या जागेवर लोंबतो आणि वाऱ्यावर खुळखुळतो. नर्सबाई अजून आलेली नाही.

मित्रांनो, दोरीने उपदेश करू नये, तिने मोजावे. तरी एक विनंती करते. भांडण मिटवायला काही मधोमध कापायची वेळ आली, तर करवत हातात घेण्याआधी बघा, मध्यावर कोण बसले आहे.

बाकी जमाखर्च सोपा आहे. वहिनींना बारा जागा मिळाल्या आणि त्यांची हाक. बापूंना बारा जागा मिळाल्या आणि त्यांची हाक. काकांना आठवी होती ती राहिली, वर न्यायी माणूस म्हणून नाव. बेरीज चोवीस.

अण्णांनी मोजल्या होत्या पंचवीस. उरलेल्या एकीची किंमत ज्यांनी भरली, त्यांनी करवतही स्वतःचीच दिली होती.